नेमकं काय नाही, ते आधी ओळख

अगं, "ताई, माझ्यात कॉन्फिडन्सच नाही" असं तू म्हणतेस ना, तेव्हा मला तुझी काळजी वाटते, पण तुला काय मदत करावी ते कळत नाही. डॉक्टरकडे जाऊन नुसतं "बरं वाटत नाही" म्हणावं, तसं होतं ते. कुठे दुखतंय?

आकडे नीट तपासले नसतील, तर तुझ्याकडे खात्री नाही. आकडे तोंडपाठ आहेत आणि तरी साहेबांसमोर घसा कोरडा पडतो, तर धीर नाही. बोलू की नको करत मीटिंग संपून जाते, तेव्हा हिय्या होत नाही. आणि मागचं एक काम फसल्यापासून नवं काही करावंसंच वाटत नसेल, तर उमेद गेलीय. ही दुखणी वेगळी आहेत गं, औषधंही वेगळी. खात्री कागद उघडून येते, आरशासमोर उभं राहून येत नाही. धीर दुसरं माणूस देऊ शकतं, त्यासाठी मी आहे. हिय्या मात्र कुणी देत नाही, तो आपला आपणच करायचा असतो. उमेदीचं म्हणशील तर ती हळूहळू परत येते. तिला पुरेशी झोप लागते, वेळेवर जेवण लागतं आणि तुझी बाजू घेणारं एखादं माणूस लागतं. उमेद गेलेल्या पोरीला "जरा धाडस कर" म्हणणं मला क्रूरपणाचं वाटतं.

आपल्या बोलण्यातली क्रियापदं बघ, ती फार प्रामाणिक असतात. विश्वास आपण ठेवतो, तो बसतो, एखाद्या दिवशी उडतोही. खात्री आपण करून घेतो. "विश्वास करून घेतला" असं कुणी म्हणत नाही, कारण विश्वास माणसावर असतो आणि खात्री पुराव्यावर. ऑफिसात तुझ्याकडून बहुतेक वेळा खात्रीच हवी असते. ती मिळवणं तुझ्या हातात आहे, ही केवढी चांगली गोष्ट आहे!

हमीचं वजन मात्र जरा जास्त आहे, तेवढं नीट ऐक. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आपल्याकडे रोजगार हमी योजना आली. 1977 साली तिचा कायदा झाला आणि 1979 पासून तो लागू झाला. काम मागितल्यावर 15 दिवसांत ते द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता द्यायचा, असं त्यात आहे. हमी म्हणजे हे. शब्द पाळला नाही तर आपण देणेकरी होतो. आणि तू? "शुक्रवारी रिपोर्ट मिळेल का?" असं कुणी विचारलं की "हो हो, नक्की!" म्हणून मोकळी होतेस. समोरच्याला बरं वाटावं म्हणून दिलेली ती हमी पुढे तुलाच रात्री जागवते. त्यापेक्षा म्हण, "दोन विभागांचे आकडे आलेत, तिसऱ्याचे गुरुवारी आले तर शुक्रवारी देते." यात कमकुवत काही नाही. आपल्याला किती ठाऊक आहे हे नेमकं सांगणाऱ्या बाईवर लोक भरवसा ठेवतात.

याच्या उलट, जे तुला पक्कं ठाऊक असतं तिथे तू "मला आपलं वाटतं, म्हणजे चुकतही असेन कदाचित" अशी सुरुवात करतेस. कशाला? "ही रक्कम दोनदा धरली गेली आहे." पूर्णविराम. त्यावर "च" ठोकायचीही गरज नाही. टिळकांच्या "मिळवणारच"मधला "च" आपल्याला शाळेपासून माहीत आहे, पण 1916 साली त्या अक्षरामागे मंडालेचा सहा वर्षांचा तुरुंगवास होता. पाठीशी काही नसताना वापरलेला "च" नुसता मोठा आवाज ठरतो. फाजील आत्मविश्वास म्हणतात तो हाच.

आणि एक गोष्ट तुला सांगायलाच हवी. तू असं सरळ बोलायला लागलीस की कुणीतरी "आगाऊ" म्हणेल, "दीडशहाणी" म्हणेल. तेच बोलणाऱ्या मुलाला "धडाडीचा" म्हणतात. हा अन्याय आहे आणि मला त्याचा मनापासून राग येतो. पण म्हणून तू आवाज खाली आणू नकोस. ठामपणा आणि ताठा यांतला फरक तेवढा सांभाळ. ठाम राहायचं ते मुद्द्यावर, ताठा दाखवला जातो तो माणसांना. चहा आणून देणाऱ्या मावशींशी आणि मोठ्या साहेबांशी तू एकाच सुरात बोलतेस ना? मग तुझ्यात ताठा नाही. कोण काय म्हणेल त्याची धास्ती घेऊ नकोस.

सोमवारच्या मीटिंगमध्ये तू स्वतः तपासलेला एक तरी मुद्दा "मला वाटतं" न लावता मांड, आणि मांडून झाल्यावर सॉरी म्हणू नकोस.