लेकीला घरी शिकवायचं ठरवत असशील तर

अगं, पोरीला शाळेतून काढून घरीच शिकवायचं तुझ्या मनात आहे, हे वहिनीकडून कळलं. सातवीतली मुलगी दिवाळीच्या सुट्टीनंतर रोज सकाळी पोट धरून बसते, तपासण्या झाल्या आणि पोटात काही निघालं नाही. ‘नाटकं करते’ म्हणणाऱ्यांना घराबाहेरच ठेव. भीतीनं पोट खरंच दुखतं, उलटी होते, हातपाय गार पडतात. माझं सगळं आयुष्य वर्गावर गेलं, अशी मुलं मी पाहिली आहेत, म्हणून आत्या या नात्यानं सांगते.

शाळा सोडायची की नाही, हा प्रश्न जरा बाजूला ठेव. भीती नेमकी कशाची आहे, ते आधी शोध. प्रश्नांची सरबत्ती नको. रात्री अंथरुणात, दिवा मालवल्यावर, मुलं आपणहून बोलतात. मधल्या सुट्टीत कुणी छळत असेल, शिक्षक सगळ्यांसमोर पाणउतारा करत असतील, तर दुखणं शाळेत आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या 17व्या कलमानं शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळालाही बंदी आहे, म्हणून तक्रार लेखी दे आणि पोच घे. वाचताना, लिहिताना अडखळत असेल तर अध्ययन अक्षमतेची चाचणी करून घे. मुंबईत सायन हॉस्पिटलमध्ये ती होते. प्रमाणपत्र मिळालं की बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. ‘आळशी’ म्हणून शिक्का बसलेली कितीतरी पोरं एवढ्यानं उभी राहतात. अशा वेळी नुसती शाळा बदलूनही भागतं.

पण समज, शाळेत तसं काहीच नाही आणि भीती पोरीच्या मनातच मुक्कामाला आली आहे. मग फार जपून पाऊल टाक. घरी ठेवलं की त्या दिवशी पोटदुखी थांबते आणि सगळ्यांना हायसं वाटतं. दुसऱ्या सकाळी मात्र भीती वाढलेली असते, कारण टाळल्यानं सुटका होते हे मन शिकलेलं असतं. अशा मुलीला मानसोपचारतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय तिचं नाव शाळेतून काढू नकोस. आधी वैद्यकीय रजा घे. मग त्यांच्या सल्ल्यानं आज फाटकापर्यंत, पुढच्या आठवड्यात आवडत्या बाईंच्या एका तासापुरतं, असं हळूहळू नेऊन बघ. हे करूनही पोर खंगतच चालली, तर बेलाशक घरी घे. शाळा पुन्हा मिळते. शिक्षण हक्क कायद्याच्या 4थ्या कलमाप्रमाणे शाळेबाहेर राहिलेल्या सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वयाला साजेशा इयत्तेत प्रवेश मिळतो, तेव्हा ‘वर्ष वाया जाईल’ ही धास्ती मनातून काढून टाक.

घरी आणलीस की पहिले काही आठवडे पुस्तक उघडू नकोस. हे तुला जड जाईल, ठाऊक आहे मला. पण दमलेल्या मनात गणित शिरत नाही. आधी झोप रुळावर आण: ठरल्या वेळी उठणं, सकाळचं ऊन, चालणं, स्वयंपाकघरात एखादं काम तिच्याकडे. मग ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक वाचायला ठेव, ते त्याच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. बालभारतीची पाठ्यपुस्तकंही तशीच मिळतात. अभ्यास सुरू झाला की समोर बसून शिकवायला दिवसाचे दोन-अडीच तास भरपूर होतात. चाळीस पोरांच्या वर्गात एकेकीच्या वाट्याला तेवढंही येत नाही. घरात घंटा आणि वेळापत्रक आणून दुसरी शाळा मांडू नकोस.

आता मी ज्यासाठी एवढं बोलते आहे ते ऐक. शाळा सुटली तरी चालेल, माणसं सुटता कामा नयेत. खचलेलं मूल एकांत मागतं आणि एकांतानंच आणखी खचतं. वर्गातली एक तरी मैत्रीण दर आठवड्याला घरी यायला हवी. तिच्या आईशी तूच बोल. वाचनालय, पेटीचा क्लास, मैदान, शेजारच्या आजींना पेपर वाचून दाखवणं, काहीही चालेल, पण रोज घराबाहेरच्या एका माणसाशी समोरासमोर बोलणं झालंच पाहिजे. दिवसभर मोबाइलवर असणं मी यात धरत नाही.

आणि हे सगळं एकटीनं उचलू नकोस. गणित जावईबापूंकडे दे, रविवार पूर्ण त्यांच्याकडे दे. आईच शिक्षिका, आईच पहारेकरी झाली की भांडायला मोकळं असं नातंच पोरीला उरत नाही.

पोर मरणाची भाषा बोलू लागली, अंगावर जखमा दिसल्या, आवडत्या वस्तू वाटून टाकू लागली, तर घरी शिकवण्याचा विषय तिथेच थांबव. तिला एकटी सोडू नकोस, त्याच दिवशी, रात्र असली तर रात्री, दवाखाना गाठ. टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. तो आत्ताच मोबाइलमध्ये ठेव.

दहावीची काळजी आज नको, पण रस्ते माहीत असू देत. चौदा वर्षं पूर्ण झाली आणि निदान पाचवी पास असली की 17 नंबरचा फॉर्म भरून राज्य मंडळाच्या परीक्षेला खासगीरीत्या बसता येतं. मला अशा मुलांसाठी एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, जास्त पसंत आहे. तिथेही दहावीला चौदा वर्षं लागतात, पण पाच विषय पाच वर्षांत, नऊ संधींमध्ये, एकेक करून सोडवता येतात आणि मराठी माध्यमही आहे. एका मार्चवर सगळा जीव टांगलेला राहत नाही.

शाळेत दाखला मागायला जाशील तेव्हा भांडून जाऊ नकोस, तिथेच परत जायची वेळ येऊ शकते. अर्ज दोन प्रतींत ने. शाळा सोडल्याच्या कारणापुढे आजाराचं नाव पडू देऊ नकोस, ‘पालकांच्या विनंतीवरून’ एवढंच लिहायला सांग. जन्मतारीख आणि नावाचं स्पेलिंग तिथेच, टेबलासमोर उभं राहून तपास, आणि प्रगतिपुस्तकं घेतल्याशिवाय निघू नकोस.