व्यसनमुक्ती आणि संगत

व्यसन सोडणे हे ज्याचे त्याने करावयाचे काम, असे पुष्कळ लोक समजतात. आम्ही म्हणतो, ते गावाचेही काम आहे. दृष्टांत दूरचा, पण खरा आहे. कॅनडा देशात ब्रिटिश कोलंबिया प्रांती अल्कली लेक हे तेथील शुस्वाप आदिवासींचे आडगाव. गाव दारूत बुडालेले. १९७२ साली फिलिस चेल्सी या बाईंनी दारू सोडली. मागोमाग पती अँडी यांनीही सोडली. उपचाराचे ठिकाण लांब. माणूस तिकडे गेला, तर मुलेबाळे कोणी सांभाळावी? गावाने सांभाळली, मोडके घरही नीट करून ठेवले. १९८५ च्या सुमारास बहुतेक गाव दारूपासून सुटले होते.

भाविकहो, माळ घातली की दारू सुटावी, हे खरेच. पण फार दिवसांच्या पिणाऱ्याने एकाएकी सोडली, तर कंप, झटके, भ्रम होऊन जिवावरही बेतते. म्हणून मुखी नाम असू द्या आणि डॉक्टरचा उपचारही घ्या. त्याला दवाखान्यात पोचवणे आणि मागे त्याचे घर पाहणे, हीही विठ्ठलाचीच सेवा होय. रामकृष्ण हरि!