झिजलेला स्क्रू आणि जुने कार्ट्रिज

इ.स. १९८७ मध्ये अमेरिकेत विक्रीस आलेल्या निन्टेन्डो कंपनीच्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ या खेळाच्या कार्ट्रिजमध्ये खेळाडूची प्रगती जतन करण्यासाठी ३ व्होल्टची, नाण्याच्या आकाराची बॅटरी बसविलेली होती. अशी बॅटरी कालांतराने क्षीण होते, आणि ती बदलण्यासाठी कवच उघडावेच लागते.

कंपनीच्या अशा बहुतेक कार्ट्रिजांचे कवच ३.८ मिलिमीटरच्या खास स्क्रूंनी जोडलेले असते. स्क्रूचे सहा कंगोऱ्यांचे डोके खोल छिद्रात असल्याने साधा स्क्रूड्रायव्हर तेथे निरुपयोगी ठरतो. मग कोणी अणकुचीदार पक्कड घालून बळ लावतो. कंगोरे झिजतात आणि पुढे योग्य पानाही घसरू लागतो. दोष स्क्रूचा नव्हे, घाईचा.

अशा वेळी डोक्यावर पातळ रबराचा तुकडा ठेवून पाना सरळ दाबीत सावकाश फिरवावा. तेवढ्याने न भागल्यास ड्रिलने डोकेच उडवावे. मात्र धातूचा कीस सर्किटवर पडल्यास ते निकामी होण्याचा धोका असतो. म्हणून छिद्राचे तोंड खाली धरून काम करणे श्रेयस्कर. कवच सुटल्यावर उरलेला दांडा पकडीने फिरवून काढता येतो. स्क्रू तापविण्याचा मोह टाळावा, कारण त्याचे आटे प्लास्टिकमध्येच रुतलेले असतात. जुनी बॅटरी काढताच जतन केलेली प्रगतीही सहसा पुसली जाते, हे मालकास आधीच सांगावे.