शेंबडाचा रंग नव्हे, श्वास मोजा

सर्दीवर अँटिबायोटिक चालत नाही, हे बहुतेकांनी कुठे ना कुठे वाचलेलं असतं. तरीही नाक वाहू लागलं की तिसऱ्या दिवशी मेडिकलमधून अ‍ॅझिथ्रोमायसिन ५००ची तीन गोळ्यांची स्ट्रिप घरी येते, रोज एक गोळी घेतली जाते, दोन-तीन दिवसांत 'गुण येतो' आणि पुढच्या पावसाळ्यात तेच औषध शेजाऱ्यांना सुचवलं जातं. नुसतं 'घेऊ नका' सांगून ही सवय मोडत नाही, कारण घेणाऱ्याचा अनुभव औषधाच्या बाजूने साक्ष देत असतो. म्हणून हा अनुभव कुठे फसवतो आणि सर्दीच्या रुग्णात खरी नजर कशावर ठेवायची, हे आज जरा सविस्तर सांगायचं आहे.

सर्दी-पडसं हा विषाणूंचा आजार. तो घडवणारे विषाणू दोनशेहून अधिक आहेत आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा ऱ्हायनोव्हायरसचा. या एकट्याचेच दीडशेहून जास्त प्रकार आहेत. म्हणून सर्दीची लस नाही आणि एकदा झालेली सर्दी पुन्हा होणार नाही अशी खात्रीही नाही. मोठ्या माणसाला वर्षातून दोन-तीनदा आणि बालवाडीत जाऊ लागलेल्या मुलाला सहा-आठ वेळा सर्दी होणं हे प्रकृती कमजोर असल्याचं लक्षण नव्हे. आता औषधाकडे पाहू. अ‍ॅमॉक्सिसिलिन जिवाणूच्या पेशीची भिंत बांधू देत नाही. अ‍ॅझिथ्रोमायसिन जिवाणूचं प्रथिनं बनवण्याचं यंत्र बंद पाडतं. विषाणूला अशी भिंतही नसते आणि स्वतःचं ते यंत्रही नसतं. डोस वाढवला किंवा 'जरा स्ट्राँग' औषध लिहून घेतलं, तरी ज्यावर घाव घालायचा ते लक्ष्यच तिथे नाही.

मग गुण का येतो? याचं उत्तर सर्दीच्या वेळापत्रकात आहे. विषाणू शिरल्यावर एक ते तीन दिवसांत घसा खवखवतो, शिंका सुरू होतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नाक चोंदणं, डोकं जड होणं, अंग मोडून येणं हे सगळं शिगेला पोचतं आणि त्यानंतर आपोआप उतार पडतो. बहुतेकांची सर्दी सात ते दहा दिवसांत आटोपते. माणूस औषधाच्या दुकानात जातो तो नेमका सर्वांत वाईट दिवशी. त्या दिवशी काहीही घेतलं, अगदी खडीसाखर घेतली, तरी पुढच्या दोन दिवसांत बरंच वाटणार. म्हणूनच वैद्यकशास्त्र एकेकट्याच्या अनुभवावर विसंबत नाही. निम्म्या रुग्णांना खरं औषध आणि निम्म्यांना हुबेहूब दिसणारी निरुपयोगी गोळी देऊन तुलना करतं. सर्दीच्या बाबतीत अशा अनेक चाचण्यांचा एकत्रित निष्कर्ष स्पष्ट आहे: अँटिबायोटिकने सर्दी लवकर बरी होत नाही, जुलाब, मळमळ, अंगावर पुरळ यांचा त्रास मात्र वाढतो. खोकला तर याहून चिवट. सर्दी गेल्यावर तो दोन-अडीच आठवडे रेंगाळतो, आणि 'दहा दिवस झाले तरी खोकला जात नाही' म्हणून अँटिबायोटिकचा दुसरा कोर्स सुरू होतो. बाकी तब्येत ठीक असेल, ताप नसेल, धाप लागत नसेल, तर तो खोकला बरा होण्याच्या वाटेवरचाच असतो.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे, 'पण शेंबूड हिरवा-पिवळा झालाय, म्हणजे इन्फेक्शन वाढलंय ना?' हा गैरसमज इतका पक्का आहे की काही डॉक्टरही रंग विचारून औषध लिहितात. सर्दीच्या सुरुवातीला नाकातून पाण्यासारखा स्राव येतो. मग विषाणूशी लढायला पांढऱ्या पेशी तिथे जमतात. या पेशींमध्ये मूळचंच हिरव्या रंगाचं एक विकर असतं आणि पेशी फुटल्या की तो रंग स्रावात उतरतो. म्हणजे हिरवा रंग हा आपल्याच प्रतिकाराचा रंग आहे. साध्या सर्दीतही तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी दिसतो आणि आपोआप जातो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आईच्या काळजीतून येतो: 'छातीत उतरायच्या आधीच औषध दिलेलं बरं नाही का?' ब्रिटनमधल्या ३३ लाखांहून अधिक श्वसनविकारांच्या नोंदी तपासून २००७ साली 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्दी-घशाच्या साध्या दुखण्यातला एक गंभीर गुंता टाळायला चार हजारांहून जास्त जणांना अँटिबायोटिक द्यावं लागेल, असं त्यात दिसलं. याच अभ्यासाचा दुसरा भागही सांगायला हवा: पासष्टीपुढच्या माणसांना छातीचा संसर्ग झालेला असेल, तर अँटिबायोटिकने न्यूमोनिया टळण्याचं प्रमाण बरंच चांगलं होतं. म्हणजे औषध निरुपयोगी नाही. ते कुणाला लागतं हे ओळखणं महत्त्वाचं, आणि या ओळखण्याचा उत्तम धडा आपल्या महाराष्ट्रातच गिरवला गेला आहे.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या आरोग्यसेवकांना आणि दायांना एक साधी गोष्ट शिकवली: खोकणाऱ्या मुलाचे श्वास मोजा. श्वास ठरावीक संख्येच्या वर गेले तर तो न्यूमोनिया समजा आणि अँटिबायोटिक द्या. नाही तर देऊ नका. १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या कामाचा निकाल असा की, जिथे हा उपचार पोचला तिथे न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेसाठी निवडलेल्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी होते. मोजता न येणाऱ्यांसाठी त्यांनी मण्यांचं साधनही बनवलं: दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. एक्स-रे नाही, स्टेथोस्कोप नाही, फक्त एक मिनिट आणि नीट पाहणारे डोळे.

हे तुम्हालाही घरी जमेल. मूल शांत असताना किंवा झोपलेलं असताना त्याचा सदरा वर करा आणि पोट-छातीकडे बघा. एकदा वर येऊन खाली गेलं की एक श्वास. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. रडताना किंवा दूध पिताना मोजू नका. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त श्वास होत असतील, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, मूल दूध पीत नसेल, सुस्त पडलं असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी सकाळची वाट बघू नका. रंग सांगणार नाही ते हा आकडा सांगतो.

गडचिरोलीतल्या मुलांना वाचवणारं औषध वाचवू शकलं, कारण जिवाणू त्याला बधत होते. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल स्वीकारतानाच इशारा दिला होता की अपुऱ्या डोसांनी जिवाणू औषधाला सरावतील. आज ते घडलं आहे. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे जगभरात सुमारे १२.७ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. सर्दीत घेतलेली गोळी नाकातल्या विषाणूला मारत नाही, पण आतड्यातल्या आणि घशातल्या जिवाणूंना मात्र धडे देऊन जाते. पाकिटावरची उभी लाल रेघ त्यासाठीच असते: चिठ्ठीशिवाय हे औषध घ्यायचं नाही. 'माझी रोजंदारी बुडते, मला लवकर उभं राहायचंय,' असं म्हणणाऱ्याची अडचण खरी आहे आणि तिची मला पूर्ण जाणीव आहे. पण या गोळीने एक दिवसही वाचत नाही. वर पैसे जातात ते वेगळेच.

मग करायचं काय? ताप-अंगदुखीला पॅरासिटामॉल, मात्र सर्दीच्या मिश्र गोळीतही तेच असतं, तेव्हा दोन्ही एकत्र घेऊ नका. मुलांना अ‍ॅस्पिरिन नको. चोंदलेल्या नाकात मिठाच्या पाण्याचे तयार थेंब निर्धास्त घाला. जलनेती करत असाल तर पाणी उकळून थंड केलेलंच हवं. नाक झटक्यात मोकळं करणारे औषधी थेंब तीन ते पाच दिवसांपलीकडे वापरले तर नाक त्यांच्याशिवाय उघडेनासं होतं. आल्याचा चहा, गवती चहा, हळद-दूध यांनी घशाला आराम पडतो, तो जरूर घ्या. विषाणू त्याने मरत नाही इतकंच. रात्रीच्या खोकल्याला चमचाभर मध चांगला, पण एक वर्षाच्या आतल्या बाळाला तो कधीही देऊ नका. लहान मुलांना उकळत्या पातेल्यावर वाफ देणं मला मान्य नाही. फायदा फारसा सिद्ध नाही, आणि पातेलं कलंडून भाजलेली मुलं रुग्णालयात येत असतात. बाळाजवळ कापूरही नको. पोटात गेला तर झटके येऊ शकतात.

मुलांच्या सर्दी-खोकल्याच्या सिरपबद्दल माझं मत कडक आहे. २०२५ साली मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने लहान मुलांचे मूत्रपिंड निकामी होऊन मृत्यू झाले. त्यांतली कित्येक नागपूरच्या रुग्णालयांत दगावली. ती भेसळ होती, हे खरं. पण ज्या वयात ही औषधं द्यायचीच नसतात, त्या वयात ती दिली जात होती, हेही तितकंच खरं. केंद्रीय आरोग्य खात्याची सूचना आहे की दोन वर्षांखाली ती देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली सहसा टाळावीत.

सर्दी टाळण्यासाठी साबणाने हात धुणं, न धुतलेला हात नाका-डोळ्यांना न लावणं, कोपरात शिंकणं आणि सर्दी झालेल्या मुलाला पहिले दोन-तीन दिवस घरी ठेवणं, एवढं खरोखर उपयोगी पडतं. झोपेलाही महत्त्व आहे: नाकात मुद्दाम विषाणू सोडून केलेल्या एका अभ्यासात सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपट होती. 'क' जीवनसत्त्व सर्वसाधारण माणसाची सर्दी टाळत नाही. फ्लू हा वेगळा आणि जास्त त्रासदायक आजार आहे; वयस्कर, गरोदर आणि दमा-मधुमेह असणाऱ्यांनी त्याची लस पावसाळ्याआधी जरूर घ्यावी.

सगळंच अंगावर काढा, असं मात्र मी म्हणत नाही. दहा दिवसांनंतरही काहीच उतार नसेल, बरं वाटून पुन्हा ताप चढला, कान दुखू लागला, धाप लागली, किंवा सर्दी-खोकला नसताना नुसताच घसा सुजून जोराचा ताप आला, तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. तिथे गेल्यावर अँटिबायोटिक मागू नका. 'हे दुखणं जिवाणूंचं वाटतं का, आणि कशावरून?' एवढं विचारा, आणि नुसतं पॅरासिटामॉल लिहून दिलं तर डॉक्टर बदलू नका.