जाग आल्याची वेळ लिहा

नर्सिंगमध्ये संशोधन करणाऱ्या मुलामुलींनो, रुग्ण तोंडाने जे सांगतो आणि त्याच्या रक्तात-लाळेत जे सापडतं, ते शेजारी शेजारी ठेवून बघणं म्हणजे बायोबिहेविअरल संशोधन. हे एकट्याच्या आवाक्यातलं काम नाही. वॉर्ड, प्रयोगशाळा, संख्याशास्त्रज्ञ आणि तीन-चार केंद्रं एकत्र यावी लागतात. म्हणून या चार गोष्टींची खूणगाठ बांधून ठेवा.

मोजपट्टी एकच ठेवा. झोपेसाठी पिट्सबर्गची प्रश्नावली १९८९ पासून वापरात आहे. ती मागच्या एका महिन्याबद्दल विचारते आणि गुण ५ च्या वर गेले की झोप खराब धरतात. एका केंद्राने ही वापरली आणि दुसऱ्याने घरी बनवलेली, तर दोघांचे आकडे एकत्र करता येत नाहीत. मराठी भाषांतरही सगळ्यांनी एकच वापरायचं.

वेळ जाग आल्यापासून मोजा. ताणाशी जोडलेलं कॉर्टिसॉल जाग आल्यावर ३० ते ४५ मिनिटांत सर्वांत वर चढतं आणि पुढे दिवसभर उतरत जातं. नाइट ड्युटी केलेल्या सिस्टरची सकाळ दुपारी दोनला होते. तिच्या लाळेच्या नळीवर नुसतं ‘दुपारी २.३०’ लिहिलंत तर प्रयोगशाळेला काहीच कळणार नाही. तिला जाग कधी आली, तेही लिहा. नमुना होईपर्यंत चहा, नाश्ता आणि ब्रश थांबवायला सांगा. हिरडीतून रक्त आलं तरी लाळेचा आकडा बिघडतो.

लेबलाची परीक्षा आधी घ्या. एकदा आमच्या नळ्या उणे २० अंशांच्या फ्रीझरमधून बाहेर काढल्या, तर ओल धरून शाई पसरलेली. नमुने उत्तम होते, पण कोणाचे ते सांगता येईना. सगळे टाकून द्यावे लागले. पहाटे उठून लाळ देणाऱ्या त्या बायकांचे कष्ट वाया गेले, याची टोचणी मला आजही आहे. तेव्हापासून रिकाम्या नळीवर लेबल लावून ती रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवते आणि मगच काम सुरू करते. नमुने दुसऱ्या केंद्राला द्यायचे असतील, तर ते संमतिपत्रात आधीच लिहा.

श्रेयाचं पहिल्याच बैठकीत बोला. नुसते नमुने गोळा केले म्हणून आंतरराष्ट्रीय नियमांत लेखकपद मिळत नाही. म्हणूनच वॉर्डातल्या सिस्टरला आराखडा ठरवतानाच सोबत बसवा, तिचं म्हणणं ऐका, मसुदा तिच्या हाती द्या. कोणत्या वेळी नमुना मिळेल आणि कोणत्या वेळी मिळणारच नाही, हे तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं.

आणि वेळ त्याच क्षणी लिहा. संध्याकाळी आठवून लिहिलेली वेळ म्हणजे नोंद नव्हे, तो अंदाज असतो.