शिबिराला निघण्याआधी तिथलं पाणी विचारा

मोखाड्याच्या सेवा-शिबिरात मी असहकार केला, पोरांचा उत्साह घालवला, असं आमच्या धर्मग्रामात अजूनही बोललं जातं. रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात ते माझ्या कानांवर येतं. ज्यांनी हे पसरवलं त्यांचं नाव मी लिहिणार नाही. पाड्याचंही नाही, कारण त्या माणसांच्या दारात आधीच पुष्कळ पाहुणे येऊन जातात. पण काय घडलं ते एकदा पूर्ण सांगणार आहे. येत्या सुटीत विरार-वसईतून अशाच बसगाड्या निघतील आणि त्यात बसणाऱ्या पोरांना, त्यांच्या आईबापांना हे कुणीतरी आधी सांगायला हवं.

शिबिराच्या पहिल्या बैठकीतच मी दोन प्रश्न विचारले होते. मे महिन्यात तिथे पाणी असतं का? आणि आपण येतोय हे कुणाला विचारलंय? संयोजक म्हणाले, "मावशी, सगळ्यांशी बोलणं झालंय." हे "सगळे" म्हणजे तिकडे सिमेंटच्या गोणी पोचवणारा एक पिकअपवाला होता, हे मला तिथे गेल्यावर कळलं. सरपंचांना फोन नव्हता, अंगणवाडीताईंना निरोप नव्हता. त्या भागात वर्षानुवर्षं राहून काम करणाऱ्या मिशनच्या सिस्टरांनाही कुणी काही कळवलं नव्हतं. पालघर जिल्ह्यातल्या मोखाड्यासारख्या आदिवासी तालुक्यांना पेसा कायदा लागू आहे, १९९६पासून. गावात काय व्हावं हे ग्रामसभेनं ठरवायचं असतं. आम्ही रंगवायला निघालो होतो ती अंगणवाडीची भिंत रंगवायची की नाही, हेसुद्धा.

बस विरारहून निघायलाच उशीर झाला. बॅनर यायचा राहिला होता, म्हणून. मनोर, विक्रमगड, जव्हारचा घाट करत पाड्यावर पोचलो तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. बसचे दिवे बघून माणसं बॅटऱ्या आणि काठ्या घेऊन बाहेर आली. त्यांचं काय चुकलं? १६ एप्रिल २०२०ला याच जिल्ह्यात, गडचिंचल्याला, चोरांच्या अफवेवरून रात्रीच्या वेळी जमावानं दोन साधू आणि त्यांच्या ड्रायव्हरला मारलं. आपण पालघर जिल्ह्यात राहतो आणि हे विसरतो? अनोळखी पाड्यात अंधार पडल्यावर गाडी नेऊ नका. उशीर झाला तर जव्हारला मुक्काम करा आणि सकाळी गावच्या माणसाला सोबत घेऊन जा. मी खाली उतरून एका म्हाताऱ्या बाईशी बोलले, पोरींना पुढे उभं केलं, तेव्हा काठ्या खाली झाल्या. संयोजक त्या वेळी बसमध्येच फोनला रेंज शोधत होते.

सकाळी पाहिलं तर निम्म्या घरांना कुलपं. माणसं वीटभट्टीवर गेलेली. दिवाळीनंतर पाडे रिकामे होतात ते पावसाच्या तोंडावर भरतात, हे या जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांसाठी आणि लहान पोरांसाठी आम्ही रंगाचे डबे, कपड्यांची गाठोडी आणि क्रिकेटचे सेट घेऊन गेलो होतो.

आता पाण्याचं सांगते.

शाळेच्या व्हरांड्यात आमच्यासाठी दोन मोठी निळी पिंपं भरून ठेवली होती. पोरं उठली तशी त्यांनी मग बुडवून आंघोळी सुरू केल्या. एकानं आपले स्पोर्ट शूज धुवायला घेतले. मी पाय मोकळे करायला विहिरीकडे गेले. विहिरीच्या काठावर हंड्यांची रांग होती, बायका चुंबळी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बोलणं कुणाचंच नव्हतं. खाली वाकून पाहिलं तर दहा-बारा वर्षांची एक पोर कपारींवर पाय देत तळाशी उतरलेली. तळाला खडकाच्या एका खोबणीत पाणी झिरपत होतं. ती स्टीलच्या वाटीनं ते खरवडून हंड्यात घालायची, मग थांबायची, पुन्हा वाटीभर साठलं की भरायची. पाण्याला दुधाच्या चहाचा रंग होता. हंडा दोराला बांधून वर आला. त्या बाईनं तो फडक्यातून गाळला आणि मला विचारलं, "बाय, तुमचा पिंप भरला का?"

टँकर दोन दिवसांआड यायचा. पिकअपवाल्यानं घरटी दोन हंडे आमच्यासाठी मागून घेतले होते. लोकांनी दिले, कारण पाहुण्याला पाणी नाही म्हणायची त्यांची रीत नाही.

मी परत आले, पिंपावर झाकण घातलं आणि पोरांना सांगितलं, आंघोळी बंद. हाच तो माझा असहकार. संयोजक धावत आले. त्यांचे शब्द मी इथे जसेच्या तसे देते, कारण ते माझ्या डोक्यातून जात नाहीत: "मावशी, त्यांना सवय आहे. त्यांनी आनंदानं दिलंय, नाकारलं तर त्यांना वाईट वाटेल." मी म्हटलं, खोडाळ्याहून खासगी टँकर मागवा, पैसे वर्गणीतून द्या, आधी त्यांची विहीर भरा. तर म्हणाले, वर्गणीत आता काही उरलं नाही. टी-शर्ट छापण्यात पैसे गेले होते. शेवटी पोरांपैकीच काहींनी खिशातून पैसे काढले आणि संध्याकाळी टँकर आला. त्या पोरांची नावं कुठल्याही अहवालात नाहीत. अहवालात "जलसेवा" म्हणून टँकरचा फोटो आहे, संयोजकांसह.

मोखाड्यात पाऊस कमी पडतो असं कुणाला वाटत असेल तर ते चूक आहे. पावसाळ्यात धो धो कोसळतो. पण कातळ आणि उतार यांमुळे तो थांबत नाही, वैतरणेत वाहून जातो. त्याच वैतरणेवर कोचाळ्याजवळ मध्य वैतरणा धरण उभं आहे. त्याचं पाणी मुंबईला जातं. आपल्या विरारच्या नळाला सूर्या प्रकल्पाचं पाणी येतं, त्याचं धामणी धरणही या जिल्ह्याच्या आदिवासी भागातच आहे. मे महिन्यात तिकडे सेवेला निघणाऱ्यानं घरच्या नळाखाली हात धरताना हे आठवावं, एवढी माझी अपेक्षा आहे. तिला कुणी राजकारण म्हणतं, म्हणू दे.

दुसरा वाद औषधांवरून झाला. माझं आयुष्य परिचारिकेच्या नोकरीत गेलं, म्हणूनच मला सोबत नेलं होतं. डॉक्टर येणार होते. ते आले नाहीत. मला एक मोठी कापडी पिशवी देण्यात आली. तिच्यात विरारच्या घराघरांतून गोळा केलेल्या, उरलेल्या गोळ्यांच्या स्ट्रिपा होत्या. ब्लडप्रेशरच्या, साखरेच्या, अँटिबायोटिकच्या. काही अर्ध्या फाडलेल्या, त्यांच्यावरची तारीख फाडलेल्या तुकड्याबरोबर गेलेली. कुणाच्या तरी वारलेल्या वडिलांची हृदयाची औषधंही त्यात होती. म्हणाले, "तुम्हाला अनुभव आहे, लक्षणं बघून द्या." मी पिशवीला गाठ मारली. फक्त जखमा धुतल्या, पट्ट्या बांधल्या, ओआरएस कसं करायचं ते दाखवलं. सगळ्यांसमोर मला सुनावण्यात आलं, "लोक रांगेत उभे आहेत आणि मावशी नियम सांगतात."

हो, सांगते, पुन्हा सांगते. डॉक्टर नसताना औषधवाटप करू नका. या भागातल्या आदिवासींत सिकलसेल हा रक्ताचा आजार आढळतो. हातपाय ठणकतात म्हणणाऱ्या पोराला दुखण्याची गोळी देऊन पाठवून दिलं तर खरा आजार झाकला जातो. आणि आपण गेल्यावर त्या पोराला रिॲक्शन आली तर कुणाचं दार ठोठावणार? तिथली आशाताई प्रत्येक घर ओळखते. आधी तिला भेटा, ती सांगेल ते करा.

आम्हाला ती दुसऱ्या दिवशी भेटली, तीही बोलावल्यामुळे नव्हे, गाडी बघून आली. रांगेत एक दीड-दोन वर्षांचं मूल आजीच्या कडेवर होतं, हातात आमच्या बिस्किटांचा पुडा. आमची पोरं त्याच्याबरोबर सेल्फी काढत होती. ताईनं पिशवीतून दंड मोजायची पट्टी काढली, त्याच्या दंडाला गुंडाळली. बाण लाल पट्ट्यावर थांबला. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली म्हणजे अतितीव्र कुपोषण. अशा मुलाला बिस्किटं आणि गोड सरबत देऊन भागत नाही. आधी तपासणी लागते, ताप, जुलाब, सूज बघावी लागते, भूक आहे का ते पाहावं लागतं, आणि आहार ठरवून द्यावा लागतो. ताई म्हणाली, याला जव्हारच्या कुटीर रुग्णालयात न्यायचंय, पण आई भट्टीवर आहे आणि आजीला एकटीला जमत नाही. त्या क्षणी आमच्याकडे रिकामी बस उभी होती. ड्रायव्हर होता. संयोजक म्हणाले, संध्याकाळी सांस्कृतिक कार्यक्रम आहे, बस लागेल. मी ताई, आजी आणि ते मूल यांना पिकअपमध्ये बसवून जव्हारला गेले आणि कार्यक्रमाला नव्हते. हा माझ्यावरचा दुसरा आरोप.

१९९२-९३ साली जव्हारमधल्या वावर-वांगणीत कुपोषणानं पोरं गेली, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला जव्हार-मोखाडा कळलं. इतक्या वर्षांनी आपण तिथे फोटो काढायला जातो, याची मला लाज वाटते आणि राग येतो.

प्रार्थनेबद्दलही लिहायला हवं, जरी आमच्यातल्या काहींना ते रुचणार नाही. पोलीस पाटलांना शब्द दिला होता की शिबिर फक्त सेवेचं आहे. तरी कपडे वाटण्याआधी लाउडस्पीकरवर भजनं झाली आणि पोरांना ती म्हणायला लावून व्हिडिओ काढला गेला. माझी श्रद्धा कुणापेक्षा कमी नाही. पण वस्तू हातात देताना प्रार्थना म्हणवून घेणं मला मान्य नाही. आपण दोन रात्रींनी विरारला परततो. गावात संशय उठला की त्याला तोंड देतात त्या तिथे कायम राहणाऱ्या सिस्टर आणि तिथली आदिवासी ख्रिस्ती कुटुंबं. शब्द दिला असेल तर पाळा.

परत आल्यावर एका ओळखीच्या फादरांनी मला इव्हान इलिच यांचं एक भाषण वाचायला दिलं. इलिच स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. १९६८ साली मेक्सिकोत सेवेला निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांना त्यांनी तोंडावर सांगितलं की बघायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका. मी तितक्या टोकाला जात नाही. पण निदान मी जे बोलले ते माझ्या एकटीच्या डोक्यातलं खूळ नव्हतं, हे मला कळलं.

आणि मदत करायचीच असेल तर मोखाड्यापर्यंत जावं लागत नाही. ती कुलपं लावून गेलेली माणसं कुठे असतात? त्यांतली कितीतरी आपल्याच वसई तालुक्यात, हायवेच्या पूर्वेला, भट्ट्यांवर. विरार स्टेशनवरून रिक्षानं जाता येतं. दिवाळी ते मे, ताडपत्रीच्या झोपडीत. उचल घेऊन आलेले, हजार विटांच्या भावानं राबणारे, हिशेब शेवटी होणार म्हणून गप्प बसणारे. उसगावच्या विधायक संसद या संस्थेनं या मजुरांच्या पोरांसाठी भट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या, श्रमजीवी संघटना १९८२पासून वेठबिगारीविरुद्ध लढते आहे. आपल्याच तालुक्यातलं हे काम आमच्या युवासमितीतल्या पोरांना माहीत नव्हतं.

मी आता एका भट्टीवर जाते. बॅनर नसतो. जाण्याआधी तिथल्या बायकांना विचारलं होतं, काय हवंय? कपडे कुणीच मागितले नाहीत. एकीनं सांगितलं, पोराचं लसीचं कार्ड गावी राहिलंय, इथे सुई कुठे मिळेल? दुसरीला उचलीचा हिशेब लिहून हवा होता. लसीसाठी जवळच्या आरोग्य केंद्रातल्या नर्सला भेटले, तिनं नवीन कार्ड करून दिलं. जवळच्या अंगणवाडीत पोरांची नावं घालता येतात, बाहेरगावची म्हणून नाकारता येत नाही. हे ठामपणे सांगावं लागतं, आणि एकदा सांगून भागत नाही. हिशेबासाठी शंभर पानी वही पुरते, रोजच्या विटा आणि मिळालेली खर्ची तारखेनं लिहायची. भट्टीवर एकट्यानं जाऊ नका, मालकाच्या मुकादमाशी हुज्जत घालू नका, मुलांचे फोटो काढू नका. टोपी आणि प्यायचं पाणी स्वतःचं न्या.

तरीही लांबच्या पाड्यावर जायचं असेल तर जून-जुलैत जा, लावणीच्या वेळी. तेव्हा माणसं घरी असतात आणि हातांची गरज असते. कमी माणसं न्या. एका जीपमध्ये मावतील एवढीच. अंगणवाडीची भिंत रंगवायची असेल तर गावातल्याच माणसाला मजुरी देऊन रंगवून घ्या.

येत्या मे महिन्याच्या शिबिराची घोषणा झाली आहे, टी-शर्टची मापं घेणं सुरू आहे. मी संयोजकांना लेखी विचारलं आहे: टँकरचे पैसे आधी बाजूला काढलेत का, आणि ग्रामसभेत कुठल्या तारखेला विषय मांडला? या दोन्हींची उत्तरं मिळाली की यादीत माझंही नाव घाला, असंही खाली लिहिलं आहे. अजून उत्तर आलेलं नाही.