छप्पर उघडणारे चौघे



मार्कलिखित शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातील घटना आपल्या परिचयाची आहे. कफर्णहूम येथील एका घरात प्रभू येशू उपदेश करीत होता. चौघेजण एका पक्षाघाती माणसाला खाटेवर घेऊन आले. पण गर्दीमुळे आत जाता येईना. शेवटी त्यांनी छप्पर उघडून खाट खाली सोडली. ती गर्दी काही दुष्ट नव्हती. ती नकळत वाटेत उभी होती, एवढेच.

आपणही असेच नकळत वाटेत उभे राहतो. मिस्सेच्या वेळा, नोव्हेना, मयताची बातमी आपण फोटो करून मोबाइलवर पाठवतो. अंध व्यक्ती मोबाइल कानांनी वाचते. अँड्रॉइडमधील टॉकबॅक व आयफोनमधील व्हॉइसओव्हर ही सोय पडद्यावरील मजकूर बोलून दाखवते. फोटोतील अक्षरे मात्र पुष्कळदा तिला नीट वाचता येत नाहीत. शेजाऱ्याच्या अंत्यविधीची वेळ साऱ्या गावाला कळते, त्या एका घरात कळत नाही.

हा केवळ दयेचा प्रश्न नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार माहिती सर्वांना वापरता येईल अशी असली पाहिजे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. बँकेच्या ऑनलाइन ओळख तपासणीत डोळे मिचकावून दाखवावे लागत असे. अंध आणि ॲसिडहल्ल्यात चेहरा भाजलेल्या व्यक्तींनी ते कसे करावे, हा त्या खटल्यातील प्रश्न होता.

आपण काय करू शकतो?

१. फोटोसोबत तोच मजकूर टाइप करून पाठवावा.
२. मराठी मजकूर युनिकोडमध्ये लिहावा. जुन्या फॉन्टमधील मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण बोलणाऱ्या मोबाइलला निरर्थक अक्षरे ऐकवतो.
३. प्रवचनाच्या व्हिडिओखाली शब्द द्यावेत, म्हणजे कर्णबधिरांना ते वाचता येईल.
४. फिक्या रंगावर फिकी अक्षरे नकोत. आपल्या आजी-आजोबांनाही ती दिसत नाहीत.

या कामाला पैसे लागत नाहीत, पाच मिनिटे लागतात. आपले हे पत्रकही आजवर फोटो म्हणूनच गटावर जात होते. ही चूक आमची आहे. पुढील रविवारपासून सोबत टाइप केलेला मजकूरही पाठवू.

त्या चौघांचा विश्वास प्रभूने पाहिला. आपल्या धर्मग्रामात कोणाची खाट अजून दाराबाहेर आहे, याचा या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने विचार करावा.